लाल खुणेची पाकिटं

४ जानेवारी

ताई,

पेटी पोचली. तू जुन्या टॉवेलांत गुंडाळून दिली होतीस म्हणून सगळी निगेटिव्ह धडधाकट आली. टॉवेल परत पाठवू की ठेवून घेऊ? एकाला अजून अण्णांच्या डार्करूममधल्या औषधाचा वास येतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू निम्मं ऐकत नाहीस आणि उरलेलं निम्मं आपल्या मनाप्रमाणे ऐकतेस.

माझी दोन पुस्तकं कशी आपटली ते तुला माहीतच आहे. घड्याळाच्या बंद दुकानांचं पहिलं एकशे सात खपलं, त्यातल्या चार प्रती तुझ्या. न्हाव्यांच्या आरशांचं तेवढंही नाही. प्रकाशकबाई परवा तोंडावर म्हणाल्या, "तुमचे फोटो चांगले असतात, पण तुमचा जीव त्यात कुठे अडकलाय ते कळत नाही." त्यांच्या फळीवर काय काय विषय आहेत म्हणून सांगू. एकाने बारा वर्षं नुसते दवाखान्यांतले बाक काढलेत. एकाने शाळांमधल्या पाण्याच्या टाक्या. एका बाईने वीस वर्षं फक्त नवऱ्याची पाठ काढलीय. ते पाठीचं पुस्तक मी उभ्या उभ्या तीनदा चाळलं, आणि शेवटी मला त्या माणसाचा राग यायला लागला. एकदा वळून बघायला काय झालं होतं त्याला?

तर आता ऐक. तुझ्या पेटीच्या तळाला अण्णांच्या अक्षरात 'मिटलेले' असं लिहिलेला पुठ्ठ्याचा डबा आहे. दोनशे चौदा पाकिटं. पासाचा, परीक्षेचा, नोकरीचा फोटो काढताना ज्यांचे डोळे मिटले ती सगळी माणसं. कुणी वैतागलेलं, कुणी शिंकेच्या बेतात. अठ्ठ्याऐंशी नंबरचे गृहस्थ तर तीनदा बसले आणि तिन्ही वेळा मिटले. मी खोलीत एकटाच हसत होतो. ताई, मला विषय सापडला. आपल्याच घरात होता.

त्यातल्या अकरा पाकिटांवर कोपऱ्यात लाल पेन्सिलीची खूण आहे. आपल्या धंद्यात लाल खुणेचा अर्थ मी तुला सांगायला नको. अण्णांनी स्वतः निवडून ठेवलेले फोटो आहेत ते. आणि काय निवडलेत. बाकीचे दिव्याला दचकलेले आहेत, ही अकरा माणसं शांत आहेत, कुणाच्या चेहऱ्यावर गडबड नाही. एक पाच-सहा वर्षांची मुलगी आहे, मागे आपला पायऱ्यांचा रंगवलेला पडदा. मी कधीच कडा कापत नाही, सबंध निगेटिव्ह छापतो, तसंच हे छापलं तर पडद्याच्या बाहेर, अगदी डाव्या कडेला, शिवणयंत्राचं चाक दिसतं. आपल्या स्टुडिओत मशीन कधी होतं? पडदा शिवायला आणलं असेल. ही मुलगी मुखपृष्ठावर जाणार.

समोरच्या शिवणाच्या मावशी कशा आहेत? तू त्यांच्याकडून शिवून आणलेली कॅमेऱ्याची पिशवी अजून वापरतो. लहानपणी मला रस्त्यात गाठून हनुवटी धरायच्या आणि डोळ्यांत बघत राहायच्या. मी जाम घाबरायचो, त्यांच्या दारात पाऊल टाकलं नाही कधी. आता एक प्रत त्यांना नक्की देणार.

तुझा,
धाकटा

१७ जानेवारी

धाकट्या,

टॉवेल ठेव. धुऊन घे आधी.

शाळांचे फॉर्म निघालेत, त्यामुळे सकाळपासून पोरांच्या हनुवट्या वर कर, खाली कर चाललंय. कानातलं नवं यंत्र शिट्टी मारतं. काल एका गिऱ्हाइकाला वाटलं मीच त्याला शिट्टी मारली. या वयात तेवढंच ऐकायचं राहिलं होतं.

मावशी बऱ्या आहेत. त्याच खिडकीत, त्याच मशीनवर. रस्त्यापलीकडून रोज हात करतात, माझे कपडे शिवतात, पण आपल्या दुकानाची पायरी त्यांनी आजवर चढलेली नाही. पासाचा फोटो लागला तर बसने जाऊन दुसरीकडे काढून आणतात. त्यांचे यजमान, पाण्याचे मीटर वाचणारे काका, आठ वर्षांपूर्वी गेले, तेव्हा मी म्हटलं होतं, मोठा फोटो करून देते, पैसे नकोत. म्हणाल्या, "नको, भिंत भरलीय." भिंतीवर एकच फोटो आहे, तो त्यांच्या लेकीचा. नवराबायको एका छपराखाली बावीस वर्षं मुकाट राहिले. का, ते कुणाला कळलं नाही.

तुझा विषय मला आवडला. अण्णा असते तर म्हणाले असते, वाया गेलेल्या मालाचं पुस्तक करतोय कार्टा, आणि मग सगळ्या गल्लीला दाखवत फिरले असते. दोनशे तीन फोटो खुशाल घाल. पण लाल खुणेची अकरा पाकिटं मला लगेच परत पाठव. त्यातलं एकही छापायचं नाही, मुलीचं तर नाहीच. कारण विचारू नकोस. मी अण्णांना शब्द दिलाय.

वेळेवर जेव.

ताई

३० जानेवारी

ताई,

नाही पाठवणार.

तू बारा वर्षांची असल्यापासून डार्करूमच्या दाराला आतून कडी आणि मी बाहेर. तुला अण्णांनी ब्रश धरायला शिकवलं, मला "जा, बाहेर खेळ" शिकवलं. मी कॅमेरा घेतला तेव्हा चौतीस मैल लांब एका अनोळखी माणसाच्या दुकानात झाडू मारून शिकलो, हे विसरलीस? अण्णांचं जे काही चांगलं असेल ते तुझ्या कपाटात राहायचं आणि मला उरलंसुरलं. दोनशे तीन घाल म्हणे. नेमके त्यांच्या आवडीचे अकरा सोडून. शब्द दिलाय, कारण विचारू नकोस. गेलेल्या माणसाला पुढे करणं सोपं असतं, ते काही बोलायला येत नाहीत.

उद्या छापखान्यात चाललोय, दुसऱ्या गावी. तीन-चार आठवडे तिथेच राहून छापून निघणारा एकेक फर्मा डोळ्यांखालून घालणार. तिथला पत्ता देत नाही, कारण तू तिथेही लिहिशील आणि मी विरघळेन. मुलगी मुखपृष्ठावर जातेय.

रागावू नकोस असं लिहिणार होतो. पण रागाव हवं तर. मीही रागावलोय.

धाकटा

९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचलं. हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय. छापायच्या आत तू एकदा तरी घरी फिरकावंस एवढंच मागते.

शब्द मोडते. लाल खूण म्हणजे निवड नव्हे. ती अकरा माणसं मिटलेली नाहीत. गेलेली आहेत.

त्या काळी कितीतरी घरांत माणसाचा एकही फोटो नसायचा. माणूस गेलं की घरचे धावत अण्णांकडे यायचे. अण्णा जायचे, खुर्चीत उशा लावून बसवायचे, फोटो काढायचे. मग त्याचा मोठा प्रिंट करून त्यावर मी बारीक ब्रशने उघडे डोळे रंगवायचे आणि त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढून घरच्यांना द्यायचो. जिवंत माणूस मिटला आणि परत येऊन बसायला सवड नसली तरी हेच करायचो. दोन्हींचं काम एक, म्हणून डबा एक. लाल खूण एवढ्यासाठी, की कुणी पुढे मागे दुसरी प्रत मागायला आलं तर मूळ फोटो त्यांच्या नजरेस पडू नये. हे मी तुला जानेवारीतच सांगायला हवं होतं. तू धंद्यातला आहेस म्हणून लाल खुणेचा नेमका तोच अर्थ घेणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ती मुलगी चिमी. मावशींची. तुम्ही दोघं सहा वर्षांचे होतात. त्या वर्षी तापाची साथ होती, तूही पडला होतास पण उठलास. मावशी त्याच तापाने दवाखान्यात नऊ दिवस बेशुद्ध होत्या. त्या घरी आल्या तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. चिमी गेली त्या सकाळी काका आपल्या दुकानात येऊन उभे राहिले. मला अजून दिसतात. म्हणाले, "हिचा एक फोटो नाही हो घरात. ती परत आली तर तिला काय दाखवू? आधी कधीतरी तुमच्या दुकानात काढलाय असं वाटलं पाहिजे. हिला असं बघावं लागलं तर ती जगायची नाही." अण्णांनी पायऱ्यांचा पडदा काढला, खांद्यावर टाकला आणि रस्ता ओलांडून त्यांच्या घरी नेला. मी पंधरा वर्षांची होते. मी दिवा धरला होता. तुला दिसलेलं मशीन त्यांच्या खोलीतलं आहे, अण्णांनी प्रिंट करताना ती कड कापली होती.

मग डोळे काढायची वेळ आली आणि माझा हात चालेना. रोज बघितलेली पोर, पण तिचे डोळे मला आठवेनात. शेवटी अण्णांनी तुला उचलून दिव्यापुढे बसवलं. इकडे बघ, हलू नकोस. तुला बिस्किट दिलं होतं. मावशींच्या भिंतीवर तीस वर्षं चिमीच्या चेहऱ्यात तुझे डोळे आहेत, धाकट्या. त्या तुझी हनुवटी का धरायच्या ते त्यांना तरी ठाऊक होतं का, देव जाणे.

मावशी आहेत तोवर बोलणार नाही, असा शब्द अण्णांनी घेतला होता. त्या फोटोशी त्या रोज बोलतात. मला ऐकू येत नाही, पण खिडकीतून ओठ हलताना दिसतात. माझ्यावर वर्षभर रुसून राहा, पण तो फोटो छापू नकोस. तू म्हणालास ते डार्करूमचं खरं आहे. त्याबद्दल भेटल्यावर बोलू.

ताई

६ मार्च

ताई,

आज घरी आलो, तुझं पत्र दाराच्या आत पडलेलं होतं. बूट न काढता वाचलं.

पुस्तक छापून, बांधून झालं. पाचशे प्रती. दुकानांत अजून एकही गेलेली नाही, मी आत्ताच प्रकाशकबाईंना सांगून अडवल्यात. पण मी एक मूर्खपणा केलाय. पहिली बांधलेली प्रत चार दिवसांपूर्वी छापखान्यातूनच मावशींच्या नावाने परस्पर टपालात टाकली. तुला चिडवायला. तुझ्याआधी त्यांना मिळावी म्हणून. मुखपृष्ठावर चिमी, मशीनच्या चाकासकट.

तुला फोनवर नीट ऐकू जाणार नाही म्हणून तुझ्या शेजारच्या औषधवाल्याकडे फोन केला. निरोप देतो म्हणाला, पण मागे कुणाशी तरी भांडत होता. त्याने सांगितलं असेल-नसेल. ताई, पाया पडतो, मावशींकडे जा आणि पार्सल उचल. काहीही थाप मार. मला तुझ्याइतकी थाप मारता येत नाही, असं तू नेहमी म्हणतेस. मला फार भीती वाटतेय.

धाकटा

१५ मार्च

धाकट्या,

औषधवाल्याने निरोप दिला तो तिसऱ्या दिवशी, कपाळावर हात मारून. तुझं पत्रही त्याच दिवशी आलं. मी दुकान उघडं टाकून पलीकडे गेले.

पार्सल मशीनवर होतं. दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. मावशी म्हणाल्या, "तुझ्या भावाने पाठवलंय. म्हटलं तू आल्यावर उघडू." मी म्हटलं, चुकून आलंय, दुकानाचं आहे, द्या इकडे. मी हात पुढे केला तर त्यांनी पार्सल पोटाशी धरलं. "अगं, माझं नाव आहे त्यावर. मला कुणाचं पार्सल येतं का कधी?" कापडाच्या मोठ्या कात्रीने त्यांनी दोरी कापली. मी थांबवू शकले असते, हात धरू शकले असते. नाही धरला. तीस वर्षं थापा धरून बसले होते, त्या दिवशी अंगात त्राण उरलं नाही.

त्यांनी मुखपृष्ठ बघितलं. खाली मान घालून काहीतरी बोलल्या, मला समजलं नाही. मग वर बघून, माझ्याकडे तोंड करून परत म्हणाल्या, "हे माझं मशीन."

त्यांचं बोट चिमीवर नव्हतं. कडेच्या चाकावर होतं. त्या चाकाला तेव्हा एक चिंधी बांधलेली असायची, ती फोटोत आहे. त्यांनी चाक बघितलं, भिंतीवरचा फोटो बघितला, परत चाक बघितलं. "हा इथे काढलाय. या खोलीत."

मी मान हलवली.

"म्हणजे ते तिला घेऊन गेले नव्हते?"

"कुठे, मावशी?"

"तुमच्या दुकानात. तापात. उन्हातून."

तेव्हा मला उमगायला लागलं. बाकीचं त्यांनीच सांगितलं. त्या दवाखान्यातून आल्यावर काकांनी फोटो हातात दिला आणि ठरल्याप्रमाणे सांगितलं, तू तिकडे होतीस तेव्हा मी तिला स्टुडिओत नेलं होतं. मावशींनी दिवस मोजले. त्या दिवसांत चिमीला ताप होता. त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्या हौसेपायी माझी पोर गेली." काका काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतर बावीस वर्षांत नाही. म्हणून त्या आपली पायरी चढत नव्हत्या. म्हणून भिंत भरलेली होती.

"एकदा तरी सांगायचं होतं त्यांनी," असं त्या चार-पाचदा म्हणाल्या. रडल्या नाहीत. मी रडले, भोकाड पसरून. मला लाज वाटली, धाकट्या, पण थांबेना. आपण सगळे त्या बाईला जपत होतो. अण्णा जपत होते, मी जपत होते, आणि त्या जपण्यापायी समोरच्या घरात एक माणूस गुन्हेगार होऊन मेला. मी काकांना रोज जाता-येता बघत होते. मान खाली घालून जायचे. मला वाटायचं स्वभाव आहे.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मग भिंतीवरचे हे डोळे?" मी सांगितलं, धाकट्याचे. वाटलं, आता हाकलतील. म्हणाल्या, "पोराला उगीच धरून ठेवायची मी. घाबरायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं तर समोर मावशी. काठी टेकत पायरी चढल्या आणि स्टुलावर बसल्या. "त्यांचा एखादा फोटो असेल तर दे." मी वही काढली. मीटरवाल्यांचा पासाचा फोटो, पुढे अण्णांनी लिहिलंय, तिन्ही मिटले. पाकीट नंबर अठ्ठ्याऐंशी. म्हणजे ते तुझ्याकडे आहे.

मी म्हटलं, मावशी, तेवढेच आहेत आणि डोळे मिटलेले आहेत, पण मी उघडून देते, माझा हात अजून कापत नाही. त्या म्हणाल्या, "नको. आता कुणाचे डोळे उघडू नकोस. आहेत तसे दे."

तुझं पुस्तक त्यांनी ठेवून घेतलंय. निघताना एवढंच म्हणाल्या, "चिमीला माझ्या घरात झोपू दे. दुकानादुकानांत नको." पाचशे प्रतींचं काय करायचं ते तू ठरव. मी काही सांगणार नाही. जानेवारीत अर्धंच सांगितलं, त्याने काय झालं ते आपण बघितलं.

ताई

२६ मार्च

ताई,

आठवडाभर बाईंडरकडे बसून ब्लेडने पानं कापतोय. एका प्रतीतली अकरा. मागच्या बाजूला छापलेली माणसंही त्यात जातात, त्याला इलाज नाही. मुखपृष्ठाचं वेष्टन काढून टाकलं, खाली कोरा करडा पुठ्ठा आहे, तोच राहू देणार. प्रकाशकबाई म्हणाल्या, "दात पडल्यासारखं दिसतंय हो पुस्तक." मी म्हटलं, दिसू दे. त्यांना सगळं सांगितलं नाही. बाकीच्या दहा जणांच्या घरी कोण आहे ते तुझ्या वहीत शोधू. मी विचारल्याशिवाय त्यांना कुठे नेणार नाही.

अठ्ठ्याऐंशी नंबरचं पाकीट काढलं. त्यांच्यासमोर लहानाचा मोठा झालो आणि मी काकांना ओळखलं नाही. पाकिटावरची तारीख चिमी गेल्यानंतर चार महिन्यांची आहे. तिन्ही फोटोंत मागे पायऱ्यांचा पडदा. त्या पडद्यापुढे त्यांना बसवून दिवा लावला होता, ताई, आणि मी जानेवारीत हसलो होतो.

तिसरा फोटो छापलाय. डोळ्यांना हात लावलेला नाही, कडा कापलेल्या नाहीत. टपालाने पाठवत नाही. रविवारी घेऊन येतो, खिळा आणि हातोडी काढून ठेव. मावशींना सांग, या वेळी त्यांनी हनुवटी धरली तर मी पळणार नाही. हवा तितका वेळ बघू देत.

धाकटा